आवाजाची वायर

मुलांनो, थोडा वेळ असं समजा की तुमचं घर दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या दरीत आहे. ऊन अंगणात येतं न येतं तोच निघून जातं. फोनवर बोलायचं तर गावामागच्या टेकाडावर चढायचं, वाऱ्याकडे पाठ करायची आणि एका कानात बोट घालून उभं राहायचं. आणि असंही समजा, की तुमची आई फार लांब, मॉस्कोत, कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला आहे आणि तिचा आवाज तुम्ही कितीतरी दिवसांत ऐकलेला नाही.

जमलं? मग तुम्ही आता मेरिमच्या जागी आहात.

मेरिम आमच्या काराझार गावची, दुसरीत शिकणारी. ती आजोबा असनकुल आणि एर्मेकमामाजवळ राहायची. मामा गावातून नारीन शहरापर्यंत व्हॅन चालवायचा. तिची आई गुलझात सुट्टीच्या दिवशी न चुकता फोन करायची. पानगळीच्या सुमाराला ते फोन थांबले. मग नुसते फोटो येऊ लागले, त्यांत आईची मान स्कार्फमध्ये गुंडाळलेली. कधी व्हिडिओ लागलाच तर चित्र चौकोन चौकोन होऊन अडखळायचं, आणि आवाज मुळीच नसायचा.

खरं काय होतं ते तुम्हाला आत्ताच सांगतो. गुलझातच्या घशात गाठ झाली होती. डॉक्टरांनी ती काढली, तिच्याबरोबर आवाजही गेला. जीव वाचला, पण आवाज आता परत येणार नव्हता. गावात सगळ्यांना हे माहीत होतं. फक्त मेरिमला नव्हतं.

आमच्याकडे वाईट बातमी कोणी तोंडावर फेकत नाही. घरातलं सगळ्यांत मोठं माणूस येतं, चार शेजारी भोवती बसतात, बोलणं कुठून तरी लांबून सुरू होतं, आणि ऐकणाऱ्याला रडायला खांदे जवळ असतात. रीत मायेची आहे. पण त्या घरातलं सगळ्यांत मोठं माणूस म्हणजे असनकुलचे थोरले भाऊ जापार. ते मेंढ्यांबरोबर खिंडीपलीकडच्या हिवाळी तळावर होते, आणि खिंड बर्फाने बंद झाली होती. त्यांच्या आधी तोंड कोणी उघडायचं? सगळे थांबले. आणि थांबायचं म्हणून असनकुल नातीला म्हणाले, "आवाज कसा येईल, पोरी? आपल्याकडे नेट धड नाही."

मेरिमने ते खरं मानलं. लहान मुलं मानतातच.

"मग अँटेना बसवू या ना," ती म्हणाली. "शाळेवर बसवलाय तसा."

नाही म्हणायला आजोबांपाशी कारण नव्हतं. अंगणात त्यांनी एर्मेकला गाठलं. "आण एखादा. पण फार चांगला नको."

"बाबा, मी ड्रायव्हर आहे. ठग नाही."

"अरे, जापारभाऊ येईपर्यंत फक्त."

एर्मेकने एक काठीसारखा अँटेना आणून छपरावर उभा केला. चित्र पहिल्यासारखंच फुटत राहिलं. मेरिम शिडीच्या खाली उभी राहून बघत होती.

"मामा, हा तुझ्या व्हॅनसारखा आहे. दिसतो उभा, जात कुठेच नाही."

"माझ्या व्हॅनला नावं ठेवलीस तर शहरात चालत जावं लागेल."

"मग ने ना मला शहरात. दुकानात मीच विचारते."

तो तिला घेऊन गेला. न नेण्याचं कारण त्यालाही सुचलं नाही.

नारीनच्या बाजारात नुरिला नावाच्या बाईंचं दुकान आहे. काउंटरवर दोन अँटेना ठेवून त्यांनी मेरिमला वर स्टुलावर उभं केलं. तुम्हीही नीट ऐका, कधीतरी उपयोगी पडेल.

"तुमच्या छपरावर आहे ती काठी," नुरिला म्हणाल्या. "ती चारी बाजूंनी ऐकते. भर बाजारात मधोमध उभं राहिलं की सगळ्यांचं ऐकू येतं आणि कोणाचंच नीट कळत नाही, तसं. हा माशाच्या काट्यासारखा बघ. हा एकाच दिशेला कान लावतो, लांबचं ओढतो. आणि हा चपटा डबा. हाही एकाच दिशेचा, पण याला दोन कान आहेत. दोन वायरी. व्हिडिओला दोन कान बरे. आता मला सांग, टॉवर घरातून दिसतो?"

"घरातून नाही. मध्ये डोंगराचा खांदा येतो. मेंढवाड्याच्या कोपऱ्यातून दिसतो."

"मध्ये झाडं?"

"पॉपलर आहेत. पण पानं गळलीत."

"उन्हाळ्यात पानं आली की पुन्हा त्रास होईल, लक्षात ठेव. वाड्यापासून घर लांब आहे?"

"अंगण ओलांडून."

"मग तेवढी लांब वायर घेऊ नकोस. वायर लांब असली की वाटेतच सगळं गिळून टाकते. राउटर वाड्यातच ठेवायचा, अँटेनाच्या अगदी जवळ."

"म्हणजे मी मेंढ्यांत बसून बोलायचं?"

"ऊब तरी मिळेल."

मेरिमने चपटा डबा निवडला. परतीच्या वाटेवर तो मांडीवर धरून ती व्हॅनमध्ये बसली होती, आणि एर्मेक नेहमीसारखा गुणगुणत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा वाड्याच्या कोपऱ्यावर चढला. एर्मेक वर बसून तो केसभर इकडे, केसभर तिकडे वळवत होता. खाली मेरिम फोनवरचा सिग्नलचा आकडा वाचून ओरडत होती, "वाढला. कमी झाला. मागे घे. बस, तिथेच." आजोबा वाड्याच्या दारात उभे राहिले. त्यांनी मदतही केली नाही आणि थांबवलंही नाही. खिंडीवर दिवसभर ढग बसून होते.

फोन लागला.

या खेपेला चित्र फुटलं नाही. आईच्या भुवईवरचा तीळसुद्धा दिसला. मागे खिडकी होती आणि खिडकीत कोणाच्या तरी कुंडीतलं वाळकं रोप. आई हसली, तिचे ओठ हलले. फोनमधून बारीक फुसफुस आली, वाफेसारखी. बस, तेवढंच.

मेरिमने फोनचा आवाज पूर्ण वर नेला. मग मान वर करून विचारलं, "मामा, यातली आवाजाची वायर कोणती?"

एर्मेक शिडीवरून उतरत होता. तो मधल्याच पायरीवर थांबला.

"दोन आहेत ना? एक नीट बसली नसेल. तू बघ की."

"दोन्ही बसल्यात, मेरिम," तो म्हणाला.

तिकडे गुलझातने चित्र स्वच्छ पाहिलं, मुलीचा प्रश्न ऐकला, आणि मागे दारात उभ्या असलेल्या आपल्या वडिलांच्या तोंडाकडे बघितलं. आतापर्यंत जापारकाका येऊन गेले असतील, पोरीला सगळं सांगून झालं असेल, अशी तिची समजूत होती. तिचा चेहरा एकदम उतरला. मग तिने हळूहळू स्कार्फ सोडला. गळ्याच्या खळगीत एक लहानसं भोक होतं, त्यात नळी. तिने नळीकडे बोट दाखवलं, मग ओठांकडे, आणि मान हलवली. नाही.

आजोबा पुढे आले. जापारभाऊंनी जसं सांगितलं असतं तसंच सांगायचा प्रयत्न ते करू लागले. "मेरिम, ऐक बाळा. एखादं पाखरू असतं, फार गोड गाणारं, आणि कडाक्याच्या थंडीत..."

"आजोबा, जरा थांबा ना," ती म्हणाली. "आई बोलतेय."

गुलझातचे ओठ पुन्हा हलत होते. मेरिम त्यांच्याकडे एकटक बघत राहिली. काही कळलं नाही. डोळे भरून आले ते तिने बाहीने पुसले, पण चित्रावरून नजर काढली नाही. आजोबा मागे सरून गव्हाणीच्या कडेला टेकले. नातीला जवळ घेण्यासाठी उचललेला हात त्यांनी तसाच खाली घेतला.

मग मेरिमने पाण्याची रिकामी बादली पालथी घातली, तिच्यावर बसली आणि फोन दोन्ही हातांत धरला.

"आई, मी असं विचारीन की तुला नुसतं हो किंवा नाही म्हणता येईल," ती म्हणाली. "जेवलीस का?"

आईने मान डोलावली.

"दुखतं?"

यावर आईने बराच वेळ घेतला. मेरिम थांबून राहिली, आणि उत्तर आल्यावर तिने पुढचा प्रश्न विचारला.