हंड्यातला प्राण

दवाखान्याच्या फाटकासमोरच्या धर्मशाळेत सकाळी आठापासून जी रांग लागे, ती औषधासाठी नव्हती. आपण जगणार की मरणार, हे एका पणतीला विचारायला माणसे तिथे उभी राहत. ओसरीवर भगव्या गादीवर चंपत महाराज बसलेले. पुढ्यात गुडघ्याइतका उंच तांब्याचा हंडा. बाजूला समई, हाताशी साखळीला टांगलेली पेटती पणती. ज्याचे ऑपरेशन ठरले असेल त्याने नाव सांगायचे. महाराज हंड्यात तीर्थ ओतत, वर मूठभर भस्म टाकत आणि पणती सावकाश आत सोडत. तेवत राहिली तर भुलीत गेलेला प्राण परततो. विझली तर परतत नाही.

"भूल म्हंजे काय समजता तुमी?" महाराजांचा आवाज फाटकापर्यंत पोचे. "डॉक्टर नाकाले रबर लावते अन् प्राण बाहेर काढून ठेवते. वापस येईल का नाही, याची गॅरंटी देते का कोनी? उलटी तुमचीच सही घेते! काहून घेते? बोला ना गा!"

सही तर प्रत्येकानेच दिलेली असे.

१९७३ च्या मार्चमध्ये या रांगेत मौद्याच्या कांताबाई उभ्या होत्या, आणि कोणी ओळखू नये म्हणून त्यांनी पदर नाकापर्यंत ओढला होता. हे त्यांना अजिबात शोभणारे नव्हते. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन परतल्या त्याच दिवशी त्यांनी देव्हारा रिकामा केला होता. आत्मा नाही, अवतार नाही, कौल नाही, असे त्या सतरा वर्षे अख्ख्या वस्तीला बजावत आल्या होत्या. पण पोटातल्या गाठीपायी महिन्यामागून महिना रक्त जाऊ लागले, ऑपरेशन परवावर आले, आणि 'पूर्ण भूल द्यावी लागेल' हे शब्द कानी पडल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. सुरीचे भय नव्हते. आपण कुठेच नसू आणि आपले शरीर तेवढे परक्यांच्या हाती असेल, या विचाराने त्या रात्रभर येरझाऱ्या घालत. जन्मभर दुसऱ्यांना हुकूम सोडणाऱ्या बाईला हे कोणापाशी बोलता येत नव्हते.

"आत्या, आपन तं आत्माच मानत नाही," सून इंदू कुजबुजली. "मंग तो वापस येते का नाही, हे काहून विचाराचं?"

"गप राह्य वं. मी फकत पाहून राहिली."

पाळी आली तेव्हा मात्र पाहायला आलेल्या बाईंनी नाव सांगितले. महाराजांनी त्यांच्या गळ्यातल्या सोन्याच्या मण्यांवर नजर फिरवली आणि लाल पिशवीतून भस्म घेतले. हंड्याच्या पोटात फसफस झाली.

"प्राण सळसळून राहिला, माय!"

पणती वीतभर आत गेली नसेल तोच विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली, पुन्हा विझली. तेल तेच, वात तीच. रांगेतल्या बायांनी तोंडाला पदर लावले.

"टेबलावरून उठनार नाही तू," महाराज गोड आवाजात म्हणाले. "आजच दवाखान्यातून नाव काढ. कन्हानच्या काठी माह्या मठात एकवीस दिवस राह्य. गाठ बर्फावानी विरघळवतो. हे मनी तेवढे मठातल्या देवीच्या पायाशी ठेव."

कांताबाई अंगणातल्या झाडाखाली मटकन बसल्या. "इंदू, वॉर्डातलं सामान बांध. मठात जाऊ."

"आत्या, डॉक्टर म्हने, आनखी दोन महिने असं रक्त गेलं तं..."

"जा म्हटलं ना!"

सून रडत गेली. कांताबाई तिथेच बसून राहिल्या, आणि दुसरे काही सुचत नव्हते म्हणून पाहत राहिल्या. पुढची बाई फाटक्या लुगड्यातली, गळ्यात नुसती काळी पोत. महाराजांनी आधी हंडा तिरपा करून ओसरीखाली 'दोष' ओतला. पहिल्या तीर्थाशिवाय त्यातून काही पडलेले दिसले नाही, तरी ते हंडा बराच वेळ उपडा धरून होते. मग नवे तीर्थ, आणि काळ्या पिशवीतले भस्म. फसफस नाही. पणती तेवत राहिली. "जा बेटी, खुशाल कापून घे!" ती बाई बरी होऊन घरी गेली की चार गावांत महाराजांचेच नाव घेणार. सर्जनची कीर्ती आणि रोग्याचे सोने, दोन्ही या नराधमाने एकाच गादीखाली दाबले होते.

रिकामा हंडा इतका वेळ उपडा कशाला धरायचा?

हा प्रश्न डोक्यात शिरला आणि भय थोडे बाजूला सरले. कांताबाईंचे यजमान बळीराम उन्हाळ्यात विहिरींचा गाळ काढण्याची कामे घेत. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी ते दोराला बांधून कंदील सोडत. कंदील विझला की म्हणत, "खाली हवा खराब आहे, आज उतराचं नाही." मग झाडाचे डहाळे दोराने खालीवर करून, घागरी घागरी पाणी ओतून ती हवा हलवली की तोच कंदील तळापर्यंत जळत जाई. त्यात कोणाचा प्राण शोधायची बुद्धी त्यांना कधी झाली नव्हती.

कांताबाई उठल्या. वॉर्डात जाऊन सुनेच्या हातातले गाठोडे त्यांनी सोडायला लावले आणि भूल देणाऱ्या डॉक्टर तारा घाटे यांना गाठले.

"डॉक्टरीणबाई, विहिरीतली खराब हवा हंड्यात भरता येते का?"

ज्या बाईंचा सारा दिवस गॅसच्या नळकांड्यांशी जाई, त्यांना हा प्रश्न विचित्र वाटला नाही. "आंबट पाण्यात खायचा सोडा टाका, की झाली तयार. सोडावॉटरचे बुडबुडे तिचेच. हवेपेक्षा जड असते, भांड्यात पाण्यासारखी बसते. पाण्यासारखी ओतताही येते, फक्त दिसत नाही."

"ओतता येते!" कांताबाई म्हणाल्या. "मंग चाला माह्यासंगं."

आता पदर खांद्यावर होता. रांग ओलांडून त्या ओसरीवर चढल्या आणि तीर्थात बोट बुडवून त्यांनी ते चाखले.

"आंबट आहे. निंबूसत घातलं का गा, महाराज?"

"दूर हो! देवी कोपंल!"

"कोपू दे. माह्या नावानं पुन्हा पनती सोड. पन राख माही."

आतली खराब हवा निघून जावी म्हणून डॉक्टरांनी हंडा पाण्याने काठोकाठ भरून रिकामा केला. तीर्थ तेच, राख धर्मशाळेच्या चुलीतली. पणती तळाशी जाऊन निवांत जळत राहिली.

"घ्या! सकाळी मेली, दुपारी जिती झाली मी. आता तुह्या नावानं." कांताबाईंनी लाल पिशवी हिसकून हंड्यात उपडी केली. फसफस उठली. पणती आत गेली आणि पटकन विझली.

"अगं माय वं, महाराज खपले!" रांगेतून कोणी ओरडले आणि अंगणभर हशा पिकला.

कांताबाई हसल्या नाहीत. डॉक्टर आणि त्या अशा दोघींनी हंडा उचलून महाराजांच्या समईवर अलगद तिरपा धरला. थेंबही सांडला नाही, आणि समईच्या वाती एकामागून एक विझल्या. हशा थांबला.

"हा तुमचा प्राण. निंबूसत अन् खायचा सोडा," कांताबाई म्हणाल्या. "याच्या शब्दावर ज्या बाया ऑपरेशन टाकून गेल्या, त्या जित्या आहेत का, इचारा याले."

महाराज गादीखालची सोन्याची पुरचुंडी घेऊन उठले, तेव्हा रांगेतल्या दोन पुरुषांनी त्यांची मनगटे धरली. एकाची बायको मठात जाऊन आली होती; ती आता नव्हती.

"पन सही तं घेता ना, डॉक्टरीणबाई?" एका म्हाताऱ्याने विचारले.

"घेतो. धोका थोडा असतो, आणि तो तुमच्यापासून लपवायचा नसतो. उपाशी ठेवतो ते भुलीत उलटी श्वासात जाऊ नये म्हणून. भूल दिली की मी उशाशी बसते. नाडी पाहते, श्वास पाहते. तुम्ही जागे होईपर्यंत उठत नाही."

कांताबाईंनी सगळ्यांदेखत डॉक्टरांचा हात धरला. "मले भेव लागून राहिलं."

"अजून?"

"अजून. पन तुमी उशाशी असान, तं मी येतो."

ऑपरेशन झाले. शुद्धीवर आल्या तेव्हा घसा सोललेला होता, मळमळत होते, आणि पहिले चार शब्द इथे लिहिण्यासारखे नव्हते. तिसऱ्या दिवशी त्या उशीला टेकून बसल्या. शेजारच्या खाटेवर उद्या ऑपरेशन असलेली एक पोरगी भिंतीकडे तोंड करून मुसमुसत होती.

"इकडं पाह्य वं," कांताबाई खरखरीत आवाजात म्हणाल्या. "भेव लागते, तं लागू दे. डॉक्टर आली का सारं इचार तिले. ज्याले ठाऊक आहे, त्यालेच इचाराचं. अन् इचाराले लाजू नको. मी लाजली, म्हनून त्या लफंग्याच्या रांगेत उभी राहिली."