जुलैतला आकडा

"ऊठ रे. ऊस काही तुझ्यासाठी थांबायचा नाही."

आवाज आल्सी पारँचा. बाप्तिस्म्याला ज्यानं डेव्हरेलला हातांवर घेतलं, तोच हा पारँ, म्हणजे धर्मबाप, आणि पुढं वाढवलंही त्यानंच. लुइझियानाच्या ऊसमळ्यात नऊ वर्षांचा डेव्हरेल गिड्री सरीत पालथा पडे, गुडघा सोलवटे, आणि पारँ हातातला कोयता न थांबवता गुणगुणे:

एक सरी सरली, एक सरी उरली,
ऊठ माझ्या गड्या, उन्हं कलली.

त्या दोन ओळी डेव्हरेलच्या हाडात मुरल्या. तेविसाव्या वर्षी अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात डावा गुडघा फिरला, तेव्हा तो त्यांच्यावरच उठला. सत्ताविसाव्या वर्षी खांदा निखळला, तेव्हाही. गेल्या वर्षी टाचेवरची शीर तटकन तुटली. आवाज प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेपर्यंत गेला म्हणतात. पुढचे अकरा महिने तो कमरेएवढ्या पाण्यात चालायला शिकला, मग वाळूत, मग जिन्यावर. बत्तीस वर्षांचा सेंटर अशा दुखण्यातून परतत नसतो, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. तो परतला. चार सामने खेळला.

पाचव्यात, गेल्या रविवारी, समोरच्या गड्याचा गुडघा त्याच्या हेल्मेटवर आदळला. तो पडला, पण कुणाच्या ध्यानात यायच्या आत उठलाही. फक्त पुढच्या चालीला तो चालत गेला आणि विरुद्ध संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. पंचानं दंडाला धरून त्याला बाहेर काढलं.

बुधवारी सकाळी उपचारखोलीत मर्ना हॅलोरननं त्याच्यासमोर डोक्याला मार बसलेल्यांच्या चाचणीचा संगणक सरकवला. गेली वीस वर्षं ही बाई या संघाचे गुडघे बर्फात घालत आली होती. बाकीचे तिला नुसतं मर्ना म्हणत. डेव्हरेल दक्षिणेकडचा, त्याच्या तोंडी 'मिस मर्ना' आल्याशिवाय राहत नसे.

"नियम ठाऊक आहेत ना? शब्द दाखवेन, मग विचारेन. जुलैत जो आकडा आला होता त्याच्या आसपास यायचं. आलास तर शुक्रवारी बाहेरचे डॉक्टर बघतील आणि रविवारी तू मैदानात."

"आणि नाही आलो तर, मिस मर्ना?"

"तर तुझ्या जागी कॅल्डर खेळेल. आणि इथं कुणी कुणाची जागा राखून ठेवत नाही, हे मी तुला सांगायला नको."

जुलैतला आकडा म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आधीचा, निरोगी डोक्याचा. त्याची गंमत डेव्हरेलला आठ वर्षांपूर्वी लोपेतीनं शिकवली होती. लोपेती त्याच्या डाव्या खांद्याला खांदा लावून खेळणारा, टोंगा बेटांवरचा माणूस, दरवाजाएवढा रुंद. "जुलैत जो मठ्ठ, तो डिसेंबरात शहाणा," तो म्हणाला होता. "आकडा आधीच खाली ठेवला की मार बसल्यावरही गाठता येतो." आणि वर बजावलं होतं, "मात्र बेतानं हं. फारच ठोंब्या झालास तर यंत्र बोंब मारतं." जुने खेळाडू नव्यांना हे बुटाच्या नाड्या बांधायला शिकवावं तसं शिकवत. म्हणून दर जुलैत डेव्हरेल शब्द ओळखत असे आणि दर तिसऱ्याला मुद्दाम चुकीचं बटण दाबत असे.

आज त्यानं एकही उत्तर चुकवायचं नाही असं ठरवलं होतं. दातावर दात रोवून तो पडद्याकडे बघत बसला. चमचा. मेंढी. पाऊलवाट. शब्द येत होते, जात होते. जणू पाण्यावर कुणी बोटानं लिहीत होतं. मग प्रश्न आला, 'पूल' हा शब्द पाहिलास? पाहिला असावा. नसावा. त्यानं बटण दाबलं.

मर्नानं चष्मा कपाळावर सरकवला. "जुलैत एकसष्ट, आज त्रेसष्ट. दोन वरच आहेस की! दगडाचं डोकं आहे बाबा तुझं."

तो हसला. बाहेर येऊन मात्र भिंतीला हात टेकवून उभा राहिला.

दुपारी सराव होता, अंगावर चिलखत नसलेला, सावकाश. सेंटरचं काम नुसता चेंडू मागं देण्याचं नव्हे. समोरचे कुठून तुटून पडणार हे ओळखून त्यानं बाजू पुकारायची, आणि त्याच्या शब्दावर शेजारच्या चौघांनी वळायचं. त्या पाच पाठींच्या भरवशावर मागं चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक उभा असतो. यंदाचा व्हिटलॉक, दुसऱ्याच वर्षाचा, मान वर करून लांब बघत.

डेव्हरेलनं "डावी!" पुकारलं आणि स्वतः उजवीकडे वळला.

"काय म्हाताऱ्या," लोपेती ओरडला, "चर्चमध्ये क्रॉस कुठल्या हातानं करतोस? पायानं?"

सगळे खिदळले. चार चाली झाल्या आणि पुन्हा तेच घडलं. या वेळी लोपेती हसला नाही. मध्ये घुसून त्यानं ती फट अंगानं बुजवली, आणि पाण्याच्या बाटल्यांपाशी येऊन हळूच म्हणाला, "मी झाकतोय तुला. रविवारीही झाकीन. पण दोघांना नाही रे झाकता यायचं."

"दोघं कोण?"

"तू, आणि तो मागचा."

डेव्हरेलनं मागं बघितलं. व्हिटलॉक कुणाला तरी चेंडू फेकत मोठमोठ्यानं हसत होता.

"जुलैचं ते तूच शिकवलंस मला," डेव्हरेल म्हणाला.

"शिकवलं. तेव्हा मी फार शहाणा होतो ना." लोपेतीनं घाम पुसला. "आता घरी बायकोनं फ्रिजवर चिठ्ठी लावलीय, गाडीच्या किल्ल्या कुठं ठेवल्यात त्याची. हस, हस की लेका."

डेव्हरेलला हसू आलं नाही. गुडघा, खांदा, टाच, जे जे मोडलं ते त्याचं एकट्याचं होतं. तो पडे आणि तोच उठे. हे तसं नव्हतं. इथं तो उभा राहणार आणि दुसराच कुणी पडणार.

सराव संपायची वाट न बघता तो उपचारखोलीकडे निघाला. अकरा महिने पाण्यात चालला होता तसाच, एकेक पाऊल रेटत. मर्ना शुक्रवारसाठी कागद भरत होती.

"मिस मर्ना, पेन ठेवा खाली."

"आता काय दुखतंय?"

"मी परत खेळणार आहे. कितीही महिने लागोत, पाण्यापासून सुरुवात करायला लागली तरी करीन. पण या रविवारी कॅल्डरला घालायला सांगा. जुलैत मी मुद्दाम चुकलो होतो. दर तिसरा शब्द. दरवर्षीच चुकतो. आज मी एकही चुकवला नाही, मिस मर्ना. आज मला ते खरंच आठवले नाहीत."