ऊनपाण्यावर ठेवलेली आत्या

“फिराले जाणारे लोक वळकटी नेत नाईत, आकांक्षा,” प्रमिलाबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या. “तुह्या नवऱ्यानं आत्याबाईची गादी, गोधडी, पेटी, सगळं डिक्कीत टाकलं. मी पाह्यलं म्हणून सांगून राह्यली.”

आकांक्षा आचलच्या पायांत मोजे चढवत होती. तीन वर्षांची पोर, एका जागी उभी राहील तर शपथ. “अहो काकू, आत्यांना सीटवर बसवत नाही. कंबरेला टेकायला लागतं काहीतरी.”

“टेक्याले उशी पुरते, बाप्पा.”

नाचणगावात प्रमिलाबाईंचं लक्ष कुठं नसतं? कोणाकडे कोण आलं, कोणाची भाजी करपली, सगळं त्यांना ठाऊक. त्यातलंच हेही, असं समजून आकांक्षानं पोरीला उचललं आणि गाडीत जाऊन बसली.

घरात बांधाबांध झालेली होती. गजेंद्रला चाकणच्या कंपनीत नोकरी लागली होती आणि आठवड्याभरात सगळ्यांनी तिकडे जायचं ठरलं होतं. जाण्याआधी एकदा बोरचं जंगल पाहू, येताना ऊनपाण्याच्या कुंडावर आत्याचे गुडघेही शेकतील, असा त्याचाच बेत. आत्या म्हणजे गजेंद्रच्या वडिलांची बहीण, आनंदाबाई. नवरा गेल्यावर माहेरी परतलेली. गजेंद्रची आई तो लहान असतानाच वारली, तेव्हापासून त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं हिनंच केलं. पुढे आचलचंही केलं. आकांक्षा बीएससीला पहिल्या वर्गात आलेली, पण बाळाची टाळू कशी भरायची हे तिला आत्यांनीच शिकवलं.

अलीकडे मात्र आत्या विसरायच्या. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, घरभर वास सुटला आणि आत्या आचलला मांडीवर घेऊन तिथंच बसलेल्या. आकांक्षा कॉलेजातल्या मैत्रिणीच्या घरून परतली म्हणून निभावलं. तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. अंघोळीला गेली तरी दार किलकिलं ठेवायची. “मला भीती वाटते हो,” ती गजेंद्रला म्हणाली होती. “आचलला एकटीला त्यांच्याजवळ ठेवायची.” त्यानं नुसतं हूं केलं होतं.

हिंगणी मागे पडली, धरणाची भिंत दिसली, आणि जंगलाच्या दरवाजापाशी ते जिप्सीत बसले. जानेवारीतली सकाळ. थंडीनं आचलचं नाक लाल झालं होतं. आकांक्षानं तिला स्वेटरवर स्वेटर घातला, वर शाल गुंडाळली, आणि जिप्सीच्या दांड्याला एक हात आणि पोरीच्या कमरेला दुसरा, असा सगळा प्रवास केला. सागाची पानं गळून रस्त्यावर पडलेली. चितळांचा कळप, रोह्यांची, म्हणजे नीलगाईंची, जोडी, लांबून एक रानगवा. गाइड हळूच बोट दाखवी आणि आत्या मोठ्यानं विचारीत, “कुठी? कुठी हाय?”

“आत्या, हळू बोल वं. पळून जाईन तो,” गजेंद्र म्हणाला.

“पळून गेला तर गेला. मी का त्याले बांधून ठेवलं?”

अखेर पाण्याजवळच्या गवतात वाघ दिसला. म्हणजे पाठ दिसली, शेपटी दिसली, आणि गवत मिटलं. गजेंद्रनं भराभर फोटो काढले. गाइडही म्हणाला, नशीबवान आहात. आत्या म्हणाल्या, “एवढ्यासाठी एवढी थंडी खाल्ली काय रे गजू? शेपटीच तर होती. गाईलेही असते.”

सगळे हसले. आकांक्षाही. त्या दिवशी ती शेवटचं हसली ते तिथं.

कुंड जंगलाच्या काठाला होतं. दगडांच्या खोबणीतून वाफाळतं पाणी येतं, शेवाळलेल्या हौदात साठतं, पलीकडे नाल्याला मिळतं. बाजूला पत्र्याची ओसरी, दोन खोल्या, आणि तिथं राखणदारी करणारा तानबा. गुडघेदुखी, खाज, वात असलेली माणसं इथं महिना-पंधरा दिवस मुक्काम करतात. ऊनपाणी घ्यायचं म्हणतात त्याला. आणि त्याची एक रीत आहे. मुक्कामाला राहणारं माणूस पाण्यात खडकाकडे तोंड करून बसतं. पोहोचवायला आलेल्यांनी तेव्हाच निघायचं. येतो म्हणायचं नाही, हाक मारायची नाही, मागं वळून पाहायचं नाही. नाहीतर दुखणं पाठोपाठ घरी येतं. लहान लेकरू सोबत असेल तर त्याच्यावरच बसतं म्हणे.

आत्या हौदात उतरल्या. पाय बुडवले आणि डोळे मिटून “आहा वं माय” म्हणाल्या. इकडे गजेंद्र डिक्की उघडून एकेक वस्तू काढत होता. गादी. गोधडी. पेटी. मग खालून तांदळाचं पोतं, तुरीची डाळ, तेलाची बरणी. आकांक्षाला तांदूळ-डाळीचं ठाऊकच नव्हतं.

“हे काय?”

“राहीन ती थोडे दिवस. गुडघ्याले बरं वाटन तिच्या. तानबाशी बोललो मी.”

“आणि चाकण? आपण तर येत्या रविवारी...”

“तिकडे घर लागलं की घेऊन जातो ना. एक खोली, चार पेट्या, त्यात हिले कुठं ठेवणार? अन् तूच तर म्हणत होती, पोट्टीले तिच्याजवळ ठेवाची भीती वाटते. मग आता काऊन?”

तिला बोलायचं होतं. पण तानबा जवळच उभा होता, हात जोडून. “वहिनी, आता निघा. बाई खडकाकडे फिरल्या. उशीर नका करू, लेकरू सोबत हाय.”

खरंच आत्या खडकाकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांना काय सांगितलं होतं, कोण जाणे. पांढऱ्या केसांचा अंबाडा, ओली पाठ, वाफ. आचलनं पाहिलं आणि ओरडायला तोंड उघडलं, “आत्त्या...” आकांक्षानं तिच्या तोंडावर हात ठेवला. घट्ट ठेवला. मायक्रोबायोलॉजी शिकलेल्या बाईनं, दुखणं पाठोपाठ येतं या भीतीनं, आपल्या लेकीचं तोंड दाबलं आणि मागं न पाहता गाडीपर्यंत चालत गेली. गजेंद्रनं गाडी सुरू केली. आचल हाताखाली रडत होती, पण आवाज बाहेर येत नव्हता.

हिंगणीच्या पुढे आल्यावर तिनं विचारलं, “त्यांना सांगितलं होतं का, आपण निघणार ते?”

“रीत माहीत हाय तिले,” तो म्हणाला आणि रेडिओ लावला.

चाकणला घर लागलं. एक खोली नव्हतीच, दोन होत्या, वर गॅलरी. दुसऱ्या खोलीत गजेंद्रनं व्यायामाची सायकल ठेवली. पहिले काही महिने आकांक्षा तानबाच्या फोनवर फोन करायची. आत्या यायच्या, ओरडून बोलायच्या, फोन तोंडापुढे धरून. “गजू कधी येते? पोट्टीचे दात कसे हायत? इथं पाणी लय चांगलं हाय, पण आता पुरे झालं.” पुढच्या खेपेला तेच. मग एकदा म्हणाल्या, “तुम्ही मले सांगून गेलते काय? मले आठवत नाई.” आकांक्षा “हो” म्हणाली.

गजेंद्रला विचारलं की तो म्हणायचा, दिवाळीत जातो. दिवाळीत कंपनीला सुट्ट्या कमी. भावकीतल्यांना त्यानं सांगून टाकलं होतं, आत्या तिथं रमली, निघायला तयार नाही. पावसाळ्यातच तानबाचा फोन लागेनासा झाला होता. दसरा गेला, तरी बंदच. आकांक्षानं प्रमिलाबाईंना फोन लावला, कुंडावर जाऊन पाहाल का म्हणून.

“मी तुले त्याच दिवशी सांगतलं होतं,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “आता माह्याच पायाले पट्टी हाय, बाई. मी कशी जाऊ?”

ती स्वतः निघणारच होती. पण तोवर दुसऱ्यांदा दिवस गेले होते, त्यात रक्तदाब चढलेला. डॉक्टरांनी जिनाही उतरू नका असं सांगितलं. गजेंद्रनं तो कागद फ्रिजवर लावला, सगळ्यांना दिसेल असा.

आणि तो वाघाचा फोटो. कंपनीच्या ग्रुपवर त्यानं टाकला, खाली लिहिलं, ‘आमच्याकडचं बोर, एकदा येऊन पाहाच’. लोक पाहायला गेलेही. शेजारच्या फ्लॅटमधली जया नवऱ्यासोबत नागपूरला लग्नाला निघाली, तिकडून बोरला जाणार होती. आकांक्षानं तिला जिन्यात गाठलं. “कुंडावर एक बाई आहेत का, एवढंच बघ. पांढरे केस, ठेंगण्या, गुडघ्यात वाकलेल्या.” जया “हो गं” म्हणाली. परत आली तेव्हा तिच्या फोनमध्ये वाघीण होती, तीन पिल्लांसकट.

“आणि आत्या?”

“अगं वेळच नाही मिळाला. ट्रेन होती. पण तुमच्याकडचं जंगल काय सुंदर आहे गं!”

त्यानंतर आकांक्षा कोणालाही सोडत नाही. दूधवाला, सोनोग्राफीच्या रांगेतली बाई, आचलच्या अंगणवाडीच्या ताई. जो कोणी विदर्भात जाईल त्याला ती धरते. गजेंद्रला आता ती काही विचारत नाही. त्याच्या ताटात वाढते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन फोन लावते. तो बंद असतो. पोटातलं बाळ लाथा मारतं, तेव्हा तिच्या मनात येतं, आपण म्हातारे होऊ तेव्हा हे आपल्याला कुठं नेऊन बसवेल?

तुम्ही हे वाचताय, तर तुमच्याशीही तिचं तेच बोलणं आहे. या हिवाळ्यात बोरला जाल. वाघ दिसेल, न दिसेल. तिथून परतताना ऊनपाणी कुठं आहे ते कोणालाही विचारा. हौदाजवळ कोणी खडकाकडे तोंड करून बसलेलं असेल, तर रीत मोडा. मोठ्यानं हाक मारा, “आत्या!” त्यांनी वळून पाहिलं, तर पाणी पुरे झालं का विचारा. आणि आहेत का, जेवतात का, कोणाशी बोलतात का, एवढं बघा. नसतील, तर तानबाला विचारा, कुठं गेल्या. काय असेल ते आकांक्षाला कळवा. गजेंद्रला नको.