हरळीची लागवड

हर्षदाच्या मुलीचं नाव चंचल होतं आणि ती जागची हलत नव्हती. सव्वा वर्षाची झाली तरी बसल्या जागेवरून जगाकडे पाहायची, हवी ती वस्तू बोटानं दाखवायची, आणि घरातलं कुणी ना कुणी ती आणून द्यायचं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, चालेल तिच्या वेळेनं. पण हे सांगताना ते मोबाइल बघत होते, त्यामुळे हर्षदानं ते हिशेबात धरलं नाही.

घरभर गुळगुळीत टाइल्स. चंचल उभी राहिली की पाय सरकायचा, ती बसायची, आणि मग बरेच दिवस तो विषय काढायची नाही. फक्त खाली सोसायटीच्या लॉनवर ती दोन्ही मुठींत गवत धरून उठायची आणि आईकडे 'आता पुढे काय' अशा नजरेनं पाहत उभी राहायची. पाऊल टाकायची नाही. पण उभी राहायची. त्यामुळे हर्षदाच्या मनात लॉन आणि मुलीचं चालणं यांची गाठ पक्की बसली होती.

लॉन तसं नावालाच. सुरतेबाहेर कामरेजच्या रस्त्यालगतच्या त्या सोसायटीत दोन बिल्डिंगांच्या मध्ये, जाहिरातीत दाखवायला म्हणून बिल्डरनं राखलेला तुकडा. दर थंडीत तो पिवळा पडायचा आणि दर थंडीत चेअरमन गोपालभाई पेव्हर ब्लॉकचा विषय काढायचे. दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये त्यांनी तो काढलाच. ब्लॉक बसवले की गाड्या आरामात मावतील, म्हणाले.

हर्षदा उठून उभी राहिली. उठेपर्यंत आपण उठणार आहोत हे तिलाही माहीत नव्हतं.

"मी बघते लॉनचं. मी बॉटनी घेऊन बी.एस्सी. केलंय."

"सारुं, बेन," गोपालभाई म्हणाले. "उत्तरायणच्या मीटिंगला हिरवं दिसलं तर लॉन. नाय दिसलं तर ब्लॉक."

संक्रांतीला दोनेक महिने होते. त्या दिवसापासून हर्षदानं थंडीतल्या गवताबद्दल मिळेल ते वाचलं. हे सगळं बर्फाच्या देशांतल्या लोकांनी लिहिलेलं होतं. गवतावर दव गोठलं असेल तर त्यावर पाय देऊ नये, असं एकानं बजावून सांगितलं होतं. सुरतेत डिसेंबरात स्वेटर घालतात तो हौसेनं, आणि पंखा बंद करतात तो स्वेटर घातलाय म्हणून. तरी हर्षदा पहाटे गॅलरीतून डोकावून दव गोठलंय का ते बघून घ्यायची. गोठलेलं नसायचं. त्यानंही तिला पुरतं बरं वाटायचं नाही.

बाकीचं मात्र तिनं नीट ठरवलं. गवत कापायचं, पण बुडापर्यंत नाही. बदामाची गळलेली पानं रोज उचलायची. चाळलेलं शेणखत वरून पातळ पसरायचं. पाणी सकाळीच द्यायचं, संध्याकाळी नाही. आणि त्याआधी तण काढायचं. हे शेवटचं काम तिनं सासऱ्यांना सांगितलं.

सासरे म्हणजे हिलालआबा. धुळ्याकडली शेती सोडून तरुणपणीच सुरतेला आलेले. जन्म कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे समोरच्या माणसाशीही ते पलीकडच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलत. लूम सुटल्यापासून हाताला काम नव्हतं.

"आबा, लॉनमधलं तण तेवढं काढून घ्याल का? थंडीच्या आत झालेलं बरं."

"निंदनी ना?" आबा उजळले. "ते काय सांगनं पडस का, बेटा!"

दुपारी चंचलला लस द्यायची होती. हर्षदा दवाखान्यातून परतली तेव्हा लॉन नव्हतं. होती ती काळी, भुसभुशीत, उत्तम खणलेली जमीन. मधोमध तांदुळज्याची तीन-चार रोपं आणि कुठून तरी उगवलेलं अंबाडीचं एक झाड एवढं मात्र जपून ठेवलेलं. भिंतीशी गवताचा ढीग, आणि त्याच्याशेजारी कुदळ टेकवून आबा.

"सगयी हराई काढी टाकी," ते दोन्ही बिल्डिंगांना ऐकू जाईल असं म्हणाले. "एक मूय ठेवं नही."

बिल्डरनं रोपवाटिकेतून आणवलेलं ते लॉन म्हणजे हरळीच होती. आणि हरळी म्हणजे आबांच्या घराण्याची पिढीजात वैरीण. तिच्यापायी त्यांच्या वडिलांनी उन्हाळेच्या उन्हाळे कुदळ मारली होती. सुनेनं तण म्हटल्यावर दुसरं काही त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

सासूबाई, प्रमिलाबाई, आवाज ऐकून खाली आल्या. "अहो! गणपतीन्या दूर्वा व्हत्या त्या!"

"गणपतीले एकवीस लागतस. बाकीनी काय करानी?"

"बाकीनी तुमना डोकावर लावानी!"

रात्री नवरा, धर्मेंद्र, सचिन गावच्या मिलमधून आला. त्यानं गॅलरीतून खाली पाहिलं. "कांदे लावतोय का आपण?" एवढं विचारून तो जेवायला बसला.

ढीग जाळायचा आबांचा बेत होता, कारण हरळीचा तुकडा राहिला की ती परत येते. पण शेजारी स्कूटर उभ्या होत्या, म्हणून वॉचमननं काडी लावू दिली नाही. हर्षदा झोपायला गेली तेव्हा तिच्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं: तुकडा राहिला की परत येते. हे तर तिनं परीक्षेत लिहिलं होतं, आकृतीसह. पेराला मुळं फुटतात. त्या आकृतीचा संसारात उपयोग होईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

सकाळी तिनं आबांना सांगितलं. आबांनी कान पुढे करून सगळं ऐकून घेतलं.

"हराई लावानी?" त्यांनी विचारलं. "मी?"

"हो, आबा."

"गावले समजनं ते लोके हसतीन माले. मना बाप वरतून देखी राहिना."

आणि ते बाकड्यावर पाठ फिरवून बसले. हर्षदानं चंचलला जमिनीवर ठेवलं आणि एकटीच तुकडे करायला घेतले. चंचलनं नेहमीच्या जागी धरायला गवत शोधलं. हाती माती आली. तिनं ती चाखली, नापसंत केली, आणि आजोबांच्या पाठीकडे पाहून ओरडली. ते वळल्यावर तिनं ढिगाकडे बोट दाखवलं.

तिनं बोट दाखवावं आणि आबांनी आणून द्यावं, ही घरची रीत होती. आबा उठले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी हरळी बांधाकडून शेतात आणली.

"पन वळीमा लावसू," ते म्हणाले. "दोरी धरीसन. फेकाफेकी माले जमनार नही."

हर्षदानं ओळी कबूल केल्या. आबांनी सुतळी ताणून सऱ्या पाडल्या, तुकडे पुरले, वर शेणखत दाबलं. हर्षदानं रोज सकाळी पाणी घातलं आणि दवाची चौकशी चालू ठेवली. त्या वर्षी थंडी बेताचीच पडली. हरळीला तर उगवायला तेवढंही निमित्त पुरतं.

उत्तरायणच्या दिवशी गच्च्यांवर पतंगांचा आरडाओरडा सुरू व्हायच्या आत गोपालभाई कमिटी घेऊन खाली आले. हर्षदा चंचलला सरीत बसवून, हात बांधून उभी राहिली. गोपालभाईंनी बराच वेळ पाहिलं. हिरवं होतं, अगदी पोपटी हिरवं. फक्त ओळीत होतं, आणि दोन ओळींमधून पाटाचं पाणी जाईल एवढी जागा होती.

"आ लॉन छे के खेतर?" लॉन की शेत, हे त्यांना खरंच कळेना.

"हिरवं आहे," हर्षदा म्हणाली. "तुम्ही हिरवं म्हणाला होतात."

कमिटीतल्या एकानं ओणवं होऊन एक पातं ओढून पाहिलं. आबा गरजले, "उपटू नका!" तो माणूस सरळ झाला.

चंचलला गोपालभाईंच्या बोटातली स्कूटरची चावी दिसली होती. तिनं बोट दाखवलं. कुणी हललं नाही. आई गोपालभाईंच्या तोंडाकडे पाहत होती, आजोबा त्या माणसाच्या हाताकडे. चंचलनं पुन्हा बोट दाखवलं, आणि थोडी वाट पाहिली. मग डाव्या ओळीतलं गवत मुठीत धरून उठली, ते सोडलं, आणि सरीतून सरळ चालत गेली. गोपालभाईंच्या पायाशी पोचून तिनं हात वर केला.

गोपालभाईंनी चावी दिली. त्यांचीही तीच सवय असावी.

"चाली!" प्रमिलाबाई ओरडल्या. हर्षदाला मात्र टाळी वाजवावी की रडावं हे ठरवता येईना, म्हणून ती नुसती उभी राहिली.

"राहू द्या," गोपालभाई कमिटीला म्हणाले. "ब्लॉकचं पुढल्या वर्षी बघू. बेन, चावी..."

पण चंचल चावी घेऊन लॉनच्या कडेच्या टाइल्सवर उतरली होती आणि गेटच्या दिशेनं निघाली होती. पाय सरकत नव्हता. हर्षदा तिच्यामागे धावली, तिच्यामागे गोपालभाई.

आबा एकटे सरीत उरले. एका ओळीतली हरळी फांदी टाकत पलीकडच्या ओळीकडे निघाली होती. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि ती हळूच उपटली. मग हातातल्या फांदीकडे पाहून विचार केला, खाली बसले, आणि ओळीत जिथे पातळ दिसत होतं तिथे ती पुरून टाकली.