ऊदेसाठी मागणी

तहसीनने जाहा न्यायचं ठरवलं ते दाढी करताना, आणि गालावरचा साबण वाळायच्या आत त्याने स्वतःची तिच्या प्रमुखपदी नेमणूकही करून टाकली. जॉर्डनमधल्या सल्त गावात मुलीला मागणी घालायला जातात ते असंच, पोक्त पुरुषांची फौज घेऊन; या फौजेलाच जाहा म्हणतात. प्रमुख बोलतो, बाकीचे माना डोलावतात. तहसीनची चाळिशी उलटलेली, मिशी भरदार, सूट चुलतभावाच्या लग्नातला आणि अजून पोटावर बसणारा. प्रमुखाला आणखी काय लागतं?

फक्त त्याला मुलगी मागायची नव्हती. त्याला ऊदे मागायचा होता.

ऊदे त्याचा जिवलग. हॉटेलच्या धुलाईखान्यात दोघे समोरासमोर उभे राहून टॉवेलांच्या घड्या घालत आणि मुकादमाच्या चालीची नक्कल करत. संध्याकाळी मात्र वाटा फुटत. तहसीन संस्थेच्या फ्लॅटवर जाई आणि ऊदे बापाच्या घरी. बुद्धी सावकाश चालते म्हणून ज्यांना घरच्यांनी जन्मभर बोटाला धरूनच हिंडवलं, अशा मोठ्या माणसांना ही संस्था आपल्या हिमतीवर राहायला शिकवते. संस्थेची मिस लमीस दिवसातून एकदा डोकावून जाई. बाकी स्वयंपाक, धुणी, भांडणं, सगळं ज्याचं त्याने. फ्लॅटमधली तिसरी खाट रिकामी झाली होती आणि ऊदेला ती हवी होती. त्याचा बाप अबू राएद मात्र ऐकायला तयार नव्हता. मिस लमीस दोनदा जाऊन हात हलवत परत आली होती. आता रविवारी त्या खाटेवर अम्मानचा कोणी अनोळखी गृहस्थ येणार होता. तो आला की ऊदेची वाट कायमची बंद. या विचाराने तहसीनला जेवण जाईना, आणि तहसीनला जेवण न जाणं ही त्या फ्लॅटमध्ये न घडलेली गोष्ट होती.

"शुक्रवारी आम्ही अबू राएदकडे कॉफीला जातोय," त्याने मिस लमीसला सांगितलं.

"जा की. पण त्यांच्याशी वाद घालू नकोस हं."

"छे, वाद कसला? नुसती कॉफी."

फ्लॅटमधला दुसरा गडी मुवफ्फक शेजारीच बसला होता. मुवफ्फकला खोटं बोलता येत नसे आणि दुसऱ्याने बोललेलंही खपत नसे. जाहातली माणसं कॉफी पिण्यासाठी जातच नाहीत, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कॉफी समोर येते, ती तशीच ठेवायची, आणि यजमान "घ्या, तुमचं मागणं मान्य" म्हणेपर्यंत शिवायची नाही. भरला कप परत गेला तर यजमानाची गावात छी-थू होते. मुवफ्फकने हे सगळं सांगायला तोंड उघडलं आणि तहसीनने त्यात खजूर घातला.

आता माणसं जमवायची होती. खालच्या मजल्यावर हाजी बर्जसचं किराणा दुकान होतं.

"मुलगी कोणाची?" हाजीने विचारलं.

"मुलगी नाही. अबू राएदचा ऊदे. आमच्याकडे राहायला."

हाजीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आणि प्रमुख कोण?"

"मी."

"मग मी काय करू?"

"तुम्ही वजनदार दिसा, अम्मो. तेवढं तुम्हाला जमतंच."

हाजी इतका हसला की गिऱ्हाईक तराजूकडे बघायचं विसरलं. शुक्रवारी दुपारनंतर त्याला करायला काही नसेच. तो आपले दोन मेहुणे आणि डोक्यावरचा ठेवणीतला लाल रुमाल घेऊन हजर झाला.

सल्तच्या पायऱ्या चढताना सुटाबुटातली माणसं दिसली की खिडक्या आपोआप उघडतात. अबू राएदच्या घरात तर लग्नाची सोडाच, कुठलीच मुलगी नव्हती. बायको वारलेली, धाकटा राएद नोकरीसाठी दोहाला, घरात बाप आणि ऊदे. मग ही जाहा कोणासाठी? समोरची उम्म खलदून तर भाजी चिरायची सुरी हातात घेऊनच जिन्यात येऊन उभी राहिली. अबू राएदने दार उघडलं, इतकी माणसं पाहिली आणि काही न सुचून आधी अंगात कोट चढवला. दारात आलेल्याला कारण विचारायची पद्धत नाही, त्यामुळे सगळ्यांना आत बसवणं भाग पडलं. कॉफी आली. प्रत्येकाने आपापला कप उचलून पुढ्यातल्या टेबलावर ठेवला. अबू राएदचा चेहरा पडला, कारण आता प्रकरण खरोखरीचं आहे हे त्याला कळून चुकलं.

तहसीन उभा राहिला. भाषण त्याला पाठ होतं. चारपाच लग्नांत त्याने ते कान देऊन ऐकलं होतं.

"अबू ऊदे," त्याने सुरुवात केली, "आम्ही तुमच्या इज्जतदार घरी—"

"मला अबू राएद म्हणतात," यजमान म्हणाला.

"पण ऊदे थोरला आहे," मुवफ्फक म्हणाला. "बापाला थोरल्याच्या नावाने अबू म्हणतात."

हाजीचे दोन्ही मेहुणे छताकडे बघू लागले. राएद जन्मला त्या दिवसापासून गावाने या माणसाला धाकट्याच्या नावाने हाक मारली होती आणि त्याने ती चालवून घेतली होती. तहसीनला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो भाषणातली पुढची ओळ आठवत होता.

"इज्जतदार घरी आलोय ते तुमचा मुलगा ऊदे आमच्या घरासाठी मागायला. खाट खिडकीजवळ आहे. होकार मिळाल्याशिवाय कॉफी घेणार नाही."

"हे त्या संस्थेच्या बाईने शिकवलंय?"

"तिला माहीतच नाही," तहसीन म्हणाला, आणि हे अगदी खरं असल्याने मुवफ्फकनेही मान हलवली.

अबू राएद आधी चिडला, मग समजावू लागला. ऊदेला शेगडी पेटवता येत नाही. ऊदेला गर्दीत घाबरायला होतं. ऊदे आईची आठवण काढून रडतो.

"मी पण रडतो," तहसीन म्हणाला. "मग मुवफ्फक टीव्ही लावतो. मोठ्या आवाजात."

"कॉफी घ्या, मग बोलू."

कोणी हात लावला नाही. अबू राएद एकेकाच्या कपाकडे बघत होता. हाजी बर्जसला कॉफीचं फार वेड. वेलदोड्याचा वास थेट त्याच्या नाकाशी येत होता आणि त्याने स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून धरले होते. तहसीनला आतून उकळ्या फुटत होत्या. असाच थोडा वेळ गेला की गडी नमणार.

आणि मुवफ्फकने कप उचलून एका घोटात रिकामा केला.

"थंड होत होती," तो म्हणाला. "थंड मला आवडत नाही."

अबू राएद ताडकन उभा राहिला. "झालं? प्यायलात ना? पाहुणचार झाला. या आता."

चालून आलेला डाव असा हातचा जावा, आणि तो मुवफ्फकने घालवावा. तहसीनने मुवफ्फककडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, दाराच्या फटीतून आत डोकावणाऱ्या उम्म खलदूनकडे पाहिलं. मग सावकाश स्वतःचा कप उचलला आणि थेंबही न ठेवता प्यायला.

"होकाराशिवाय जाहा कॉफी पीत नाही," तो जिन्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. "आम्ही प्यायलो. म्हणजे होकार मिळाला. मुबारक असो."

हाजी तर वाटच बघत होता. त्याचा कप कधी रिकामा झाला ते कोणाला दिसलंही नाही. पाठोपाठ मेहुण्यांचे. आणि जिन्यात उम्म खलदूनने, कोणाचं काय ठरलं याचा पत्ता नसताना, जीभ हलवत आनंदाची अशी लांबलचक किलकारी ठोकली की वरच्या मजल्यावरूनही तिला साथ मिळाली. ती किलकारी काही परत घेता येत नाही.

अबू राएद खाली बसला. "फसवलंत मला," तो म्हणाला.

"हो," तहसीन म्हणाला.

तो खूश व्हायला हवा होता. पण अबू राएदचे खांदे असे उतरलेले बघून त्याला बरं वाटेना. तहसीनबद्दलचं सगळं लोक असंच ठरवत आले होते, त्याला न विचारता. आणि आता तेच त्याने दुसऱ्याच्या बाबतीत केलं होतं. शिवाय आज इथे ऊदेलाही कोणी विचारलं नव्हतं, जाहाच्या प्रमुखानेसुद्धा नाही.

"हे मोजायचं नाही," तो म्हणाला. "तुम्ही तोंडाने म्हणाल तेव्हाच. आणि ऊदे पण."

हाजी बर्जस कळवळला. "अरे बाबा, जिंकलेला डाव—"

"अम्मो, तुम्ही नुसते वजनदार दिसा."

ऊदे स्वयंपाकघराच्या दारातच उभा होता. बापाने त्याच्याकडे वळून पाहिलं. हा प्रश्न त्याने याआधी कधी विचारला नव्हता.

"तुला जायचंय?"

"हो," ऊदे म्हणाला. मग त्याचा चेहरा काळजीने भरला. "पण बाबा, तुमचं कसं होणार? तुम्हाला तर काहीच येत नाही."

हाजीने तोंडावर रुमाल धरला. तहसीन मात्र हसला नाही. तो अबू राएदच्या शेजारी सोफ्यावर जाऊन बसला. फ्लॅटवर आला त्या दिवशी मिस लमीस त्याच्याशी जशी बोलली होती, अगदी तशाच आवाजात त्याने विचारलं,

"स्वयंपाक येतो?"

"नाही. आधी याची आई करायची, आता उम्म खलदून डबा देते."

"कपडे धुता?"

"ऊदे धुतो."

"घरात एकट्याने झोपलायत कधी?"

"नाही."

"भीती वाटते?"

अबू राएदने खोलीभर नजर फिरवली. हाजी, मेहुणे, दाराच्या फटीतली उम्म खलदून, आणि आपला थोरला. चारचौघांत असल्या प्रश्नाचं उत्तर देणारा हा माणूस नव्हे.

"वाटते," तो म्हणाला.

"पहिले काही दिवस वाटते," तहसीन म्हणाला. "मलाही वाटायची. मग शिकवतात." त्याने अबू राएदचा हात आपल्या हातात घेतला आणि ऊदेला सांगितलं, "तू सामान बांध. घाई नाही. मी यांच्यापाशी बसतो."