मधलं टाकं

दक्षिण फ्रान्समधल्या मोंब्रेल गावात घरोघरच्या वाइनच्या कोठारांचं काय करायचं, हा प्रश्न सगळ्यांनाच पडलेला होता. द्राक्षं आता सहकारी कारखान्यात जात आणि घरची सिमेंटची टाकी रिकामी पडून राहत. कोणी तिथे ट्रॅक्टर लावला, कोणी पोराला ड्रम बडवायला जागा करून दिली. सिदोनी पुजोलने पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या.

नवरा गेल्यावर एवढ्या मोठ्या घरात ती आणि नवऱ्याची आत्या फेर्नांद, अशा दोघीच उरल्या होत्या. अंगणापलीकडच्या कोठारात एका रांगेत तीन टाकी होती, प्रत्येक टाकं चांगलं खोलीएवढं. गवंड्याने पुढून दारं फोडली. वर छतात माणूस उतरायची तोंडं होती, त्यांची झाकणं काढून काचा बसवल्या. आतल्या भिंतींत वर्षानुवर्षांचा जांभळा रंग मुरला होता, तो सिदोनीने तसाच राहू दिला. शहरातल्या लोकांना असलं फार आवडतं. भर उन्हाळ्यात गाव भाजून निघत असताना आत मात्र गार, आणि आवाज म्हणाल तर माशीचासुद्धा नाही.

काम सुरू व्हायच्या आधी फेर्नांद एवढंच म्हणाली होती, "कडेची दोन कर. मधलं राहू दे."

म्हणाली म्हणजे कुजबुजली. फेर्नांदला आवाजच नव्हता. पंचाऐंशीला टेकलेली ही बाई तरुणपणापासून नुसत्या श्वासावर बोलत आली होती. लोकांना जवळ जाऊन, मान वाकवून ऐकावं लागे.

"आत्याबाई, मधलंच तर सगळ्यात मोठं आहे," सिदोनी म्हणाली. "ते सोडून कसं चालेल?"

फेर्नांदने हट्ट धरला नाही. ती कोठारात कधी जात नसे. अंगणातसुद्धा स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंतच.

कारण गावाला ठाऊक होतं. मधल्या टाक्यात तिचा थोरला भाऊ ओनोरे गेला होता. वाइन काढून घेतल्यावर तळाशी उरलेला चोथा उपसायला तो आत उतरला. टाकं आधी वारं लागायला उघडं ठेवायचं, पेटती मेणबत्ती खाली सोडून विझते का बघायची, हे काही त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण द्राक्षतोडणीची घाई होती आणि वय घाईचं होतं. आंबलेल्या रसाचा वायू जड असतो, तळाशी बसून राहतो, दिसत नाही. वर तोंडाशी फेर्नांद बसली होती, विशीसुद्धा न गाठलेली. ती ओरडत राहिली, "ओनोरे, वर ये! आत्ता वर ये!" बाप मळ्यातून धावत येईपर्यंत ती ओरडत होती. त्या दिवशी तिचा घसा जो फुटला तो पुन्हा सांधला नाही.

सिदोनी लग्न होऊन आली तेव्हा ही गोष्ट जुनी झालेली होती. सगळ्याच जुन्या घरांत असं कोणी ना कोणी गेलेलं असतं. तिने मधल्या टाक्यात ठेंगणा रुंद पलंग टाकला, कडेला लव्हेंडरची जुडी ठेवली आणि दार उघडं केलं.

पहिल्याच उन्हाळ्यात लीयोंहून आलेली क्लोतिल्द नावाची एक शिक्षिका सकाळी कॉफी पिताना म्हणाली, "झोप फार छान लागली, मादाम. फक्त पहाटे तुमच्या मुलीने हाक मारली ना, तेव्हा जाग आली."

"मला मुलगी नाही," सिदोनी म्हणाली.

"मग कोणी तरी असेल. वरून, काचेकडून. 'क्लोतिल्द, वर या' म्हणाली. तुमच्या इकडचाच हेल होता."

सिदोनीला वाटलं, रस्त्यावरचं बोलणं काचेतून उतरलं असेल. पण पुढच्या पाहुण्यांनीही तेच सांगितलं. त्यानंतरच्यांनीही. कडेच्या खोल्यांत कधी काही नाही. मधल्या खोलीत प्रत्येकाला एकदा, स्वतःच्या नावाने. आवाज नेहमी तरुण मुलीचा. घाबरून कोणी पळून गेलं नाही, कारण हाकेत भिववणारं काही नसायचं. जेवण निवतंय, चल लवकर, असा सूर. काही जणांना तर ती सोयच वाटली.

शेजारचा बास्तियां रोक सकाळी अंजीर घेऊन आला तेव्हा हे ऐकून हसत सुटला. "नशीबवान आहेस! लोक गजर लावायला घड्याळं विकत घेतात, तुझ्याकडे फुकट. तीही तरुण पोरगी! मला दे एक रात्र ती खोली."

"तुला उठवायला पोरगी नाही, बैल लागेल," सिदोनी म्हणाली.

ती हसली खरी, पण पाहुण्यांची नावं त्या मुलीला कोण सांगतं, हा विचार तिला भांडी घासताना, चादरी वाळत घालताना छळत राहिला. फेर्नांदला तिने एकदाच विचारलं. "आत्याबाई, मधल्या खोलीत लोकांना कोणी तरी हाक मारतं म्हणे."

फेर्नांद शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. "मारू दे," ती कुजबुजली. "मारतंय तोवर बरं आहे."

तोडणी सुरू झाली आणि योरिस आला. बेल्जियममधल्या गेंट शहरातला निवृत्त दंतवैद्य, उंच, वाकलेला, शाळेत शिकलेली फ्रेंच जपून बोलणारा. बायको वसंतात गेली होती. दोघांनी मिळून इकडे यायचं ठरवलं होतं, म्हणून तो एकटाच आला होता आणि आता काय करावं हे त्याला कळत नव्हतं. सकाळी बाजारात फिरे, खरबूज घेऊन येई आणि तसंच स्वयंपाकघरात ठेवून देई. फेर्नांदच्या दातांची त्याने चौकशी केली तेव्हा ती चक्क हसली. तिचे सगळे दात शाबूत होते.

गुरुवारी दुपारी जेवण करून तो खोलीत झोपायला गेला. उत्तरेचा वारा दोन दिवसांपासून पडला होता. गावभर आंबणाऱ्या रसाचा गोड, नाकाला झोंबणारा वास साचला होता. बास्तियांने या वर्षी हौसेने थोडी वाइन घरीच करायला घेतली होती, भिंतीपलीकडच्या आपल्या जुन्या कोठारात.

सिदोनी अंगणात चादरी काढत होती, तेव्हा हाक आली.

"योरिस!"

तिच्या हातातली चादर खाली पडली. इतकी मोकळी, खणखणीत हाक तिने गावात कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. ती कोठाराच्या छपरावरून आली, उन्हातून, आणि तिथे तर कोणीच नव्हतं.

"योरिस, वर या! आत्ता वर या!"

यात कॉफीला बोलावणारा सूर नव्हता. आवाज चिरत चालला होता. सिदोनीने वळून घराकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत फेर्नांद उभी होती, एक हात गळ्याशी, ओठ घट्ट मिटलेले. हाक पुन्हा घुमली आणि ते ओठ हललेसुद्धा नाहीत. मग फेर्नांदने मोकळ्या हाताने कोठाराकडे बोट दाखवलं.

सिदोनी धावली. दार ओढलं तशी गार, आंबूस हवा तिच्या पायांवरून वाहत बाहेर आली, पाण्यासारखी. योरिस पलंगावर उताणा पडला होता. ओठ निळे झाले होते आणि चेहऱ्यावर हसू होतं.

"बास्तियां!" ती किंचाळली. "बास्तियां, धाव!"

तो आधीच फाटकातून आत येत होता. "श्वास रोख! वाकू नकोस!" म्हणत त्याने योरिसच्या काखेत हात घातले, तिने पाय धरले आणि दोघांनी त्या लांबलचक माणसाला फरफटत उन्हात आणलं. बास्तियांने त्याच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. शिव्या देत, दात ओठ खात तो दाबत राहिला. शेवटी योरिस खोकला, आणि मग ओकला.

रुग्णवाहिका निघून गेल्यावर बास्तियां लायटर पेटवून खोलीच्या उंबऱ्याशी गेला. हात हळूहळू खाली नेला. गुडघ्याच्या उंचीवर ज्योत विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली.

"माझ्याकडून आलंय," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "दोन्ही कोठारं एकाच घराची होती ना पूर्वी. खालून धुण्याच्या पाण्याची नाली असणार. अरे देवा. मी इकडे मजेत रस आंबवतोय..."

"तुला कुठे माहीत होतं."

"तू वेळेवर ओरडलीस म्हणून."

"मी तुला नंतर हाक मारली."

"ते ऐकलं की. त्याच्या आधी, योरिस योरिस. भिंतीपलीकडे मला ऐकू आलं म्हणून तर निघालो."

"ती मी नव्हते."

बास्तियांने तिच्याकडे पाहिलं, मग छपराकडे. कधी नव्हे ते त्याला चेष्टा सुचली नाही.

योरिस बेझिए शहरातल्या इस्पितळातून सुटला, तो बॅग आणि गाडी न्यायला आला. सिदोनीने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, पुढ्यात सूप ठेवलं. फेर्नांद टेबलाच्या टोकाला होती.

"त्या मुलीचे आभार मानायचे होते," तो म्हणाला. "ती इथेच असते का?"

सिदोनीने फेर्नांदकडे पाहिलं.

"मी तिला फार छळलं," योरिस चमचा फिरवत म्हणाला. "ती बोलावत होती आणि मी उठत नव्हतो. त्या दुसऱ्या माणसामुळे."

"कोणता दुसरा माणूस?"

"खोलीतला. पायथ्याशी बसला होता बहुतेक, मी डोळे उघडून पाहिलं नाही. तरुण आवाज होता. फार प्रेमळ. म्हणत होता, 'तिचं काय ऐकता, ती अशीच ओरडते. बसा जरा. इथे किती गार आहे. घाई कसली?'" योरिसने घसा साफ केला. "आणि खरं सांगतो मादाम, मला पटलं ते. घाई कसली? घरी कोण आहे? मी त्याला हो म्हणालो."

मग फेर्नांदने खुर्ची सरकवली, योरिसच्या जवळ नेली आणि त्याच्या कानाशी वाकली. ती इतकी हळू बोलली की सिदोनीलाही पुढे झुकावं लागलं.

"त्या दिवशीही तो तेच म्हणाला होता," फेर्नांद म्हणाली. "लोकांना वाटतं तो पडला आणि गप्प झाला. गप्प नव्हता. खाली बसून माझ्याकडे वर बघत होता. हसत होता. 'फेर्नांद, ओरडू नकोस ना. बसतो थोडा. तूही ये, बघ किती गार आहे.' मला बोलावत होता तो. आईने विचारलं, शेवटचं काही बोलला का गं. मी नाही म्हणाले. काय सांगणार होते तिला? की पोराला वर यायचंच नव्हतं?"

"आणि तो आवाज?" सिदोनीने विचारलं. "हाका मारणारा? तो तुमचाच ना, आत्याबाई?"

"माझा कुठला. तो त्याच दिवशी आत पडला. मी काढायला गेले नाही." तिने योरिसचा हात थोपटला. "इतकी वर्षं दोघं एकमेकांना ऐकवताहेत. टाकं बंद होतं तेव्हा कोणाला त्रास नव्हता. आता तू रोज एक माणूस नेऊन मध्ये झोपवतेस, सिदोनी."

योरिसने सूप संपवलं नाही. निघताना त्याने फेर्नांदच्या गालाला गाल लावून निरोप घेतला आणि सिदोनीच्या हाती खोलीची किल्ली दिली. कोठाराच्या बाजूने न जाता तो घराला वळसा घालून गाडीकडे गेला.

नाली बास्तियांने दुसऱ्याच दिवशी सिमेंटने बुजवली होती. "आता काही भीती नाही," तो म्हणाला, पण खोली पुन्हा लावायचं सिदोनीच्या मनात नव्हतं. कुलूप लावून ठेवायलाही तिचं मन धजेना. कोंडलेले तर ते दोघं इतकी वर्षं होतेच की. तोडणी उरकल्यावर तिने गवंड्याला बोलावलं आणि मधलं टाकं छतासकट पाडायला सांगितलं.

"एवढा खर्च करून बांधलंत ना, मादाम?" गवंडी म्हणाला.

"पाड."

फेर्नांदने त्या दिवशी आपली खुर्ची अंगणात आणवून घेतली. छताचा पहिला तुकडा आत कोसळला तेव्हा ऊन सरळ तळापर्यंत गेलं. जांभळ्या भिंती उन्हात अगदी साध्या दिसल्या, मळकट. दोन दिवस धूळ उडत राहिली. फेर्नांद दोन्ही दिवस बसून होती, धुळीने केस पांढऱ्याचे राखाडी झाले तरी उठली नाही. दुसऱ्या संध्याकाळी तिने सिदोनीला जवळ बोलावलं. काही सांगायचं असावं तसं तोंड उघडलं. पण श्वासही निघाला नाही. त्यानंतर ती कुजबुजलीसुद्धा नाही. जे हवं ते बोटाने दाखवायची, आणि त्याचं तिला दुःख झालेलं दिसलं नाही. हिवाळा सरता सरता एका सकाळी ती झोपेतच गेली. ओनोरेच्या शेजारी तिला पुरलं. बास्तियां लहान मुलासारखा रडला.

कडेच्या दोन खोल्या अजून चालतात. मध्ये मोकळी जागा आहे, वरून उघडी. ऑगस्टमध्ये अंगणातले दगड पावलं भाजतात, पण तिथे उभं राहिलं की घोट्यापर्यंत गार लागतं. गावातली मांजरं, जी जरा गारवा दिसला की पसरतात, ती त्या जागेला वळसा घालून जातात. पाहुणे मात्र दरवर्षी हमखास विचारतात, मादाम, दुपारी इथे टेबल मांडू या ना, किती छान जागा आहे.

सिदोनीने तिथे द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काटक्या रचून ठेवल्या आहेत, माणसाच्या खांद्याएवढ्या उंच, बसायला कोणाला जागा राहू नये अशा. मासे भाजायला त्या काटक्या उत्तम, पण ती त्यांतल्या वापरत नाही. चुलीसाठी बास्तियांकडून आणते.