कोळंबीवरचा आळ

मी बोलतेय, खेडच्या एका लॅबमधली पिवळ्या टोपणाची नळी. बोटभर उंची, प्लॅस्टिकचं अंग. शंभर बहिणींसोबत खोक्यात बसून इथे आले. आमचं आयुष्य एका टोचणीपुरतं. म्हणून कुणाचं रक्त वाट्याला येतंय, याची मला भारी धाकधूक होती.

माझ्या वाट्याला तुळसाकाकू आल्या. सोबत सून वेदिका. काकूंच्या अंगावर दर रविवारी गांधी उठायच्या, ओठ सुजायचे. मुलगा सागर लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत कामाला. त्याला सुट्टी रविवारी, म्हणून त्याच दिवशी घरात कोळंबी. सगळ्यांनी तिच्यावरच आळ घेतला. काकूंनी मासे सोडले. तरी गांधी उठल्याच, तर म्हणे तव्यावरच्या वासानं उठतात! मग अख्ख्या घरानं मासे सोडले. आमसुलाचं पाणी अंगाला लावून लावून काकू थकल्या. शेवटी डॉक्टरांनी कोळंबीच्या ॲलर्जीची रक्ततपासणी लिहून दिली.

आमची मृणाली रक्त घेताना माणसांना बोलतं ठेवते, म्हणजे सुईची भीती वाटत नाही.

"काकू, रविवारी काय काय खाता?"

"मासं सोडून वरीस झाला गो बाय. सून कॉफी करून देते, तेवढाच विरंगुळा."

"हे घरी असले की कॉफी होतेच," वेदिका म्हणाली. "मासे नाहीत, तर निदान दोन कप कॉफी तरी घ्या म्हणते आईंना."

मृणालीचा हात थांबला. तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि कागदावर कोळंबीखाली कॉफीही लिहिली. मग काकूंचं कोमट रक्त माझ्यात उतरलं. मला यंत्रात गरगर फिरवलं, वरचं पिवळसर पाणी मोठ्या लॅबला गेलं, उरलेलं घेऊन मी फ्रीजमध्ये बसले.

आज मृणालीनं जुन्या नळ्या टाकायला बाहेर काढल्या आणि तेवढ्यात त्या दोघी आल्या. रिपोर्ट बघून, सगळं पुन्हा विचारून डॉक्टरांनी सांगितलं होतं: कोळंबी निर्दोष, कॉफी बंद.

"मीच माझ्या हातानं देत होते," वेदिकाचे डोळे भरले.

"तुला काय म्हाईत होता?" काकू म्हणाल्या. "रडू नको. आयतवारी कोळंबी कर, नि सोमवारी ह्या पोरीला डबा पोचव."

मी आता लॅबच्या कचऱ्याच्या लाल पिशवीत जाईन. मृणालीची मी ऋणी आहे. तिनं विचारलं नसतं, तर माझ्यातलं रक्त फुकट गेलं असतं. तुम्हीही सुईला खुशाल घाबरा, पण काय खाता-पिता ते सगळं सांगा.

सोमवारी इथे कोळंबीच्या कालवणाचा वास सुटेल. तोवर मी नसेन. पण त्या घरातलं रक्त आठवडाभर मी सांभाळलं, एवढं पुण्य मला पुरे.